चिऊताई खोटं बोलत नव्हती

आमच्याकडे सध्या रोज रात्री एकच गोष्ट चालते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो कुडकुडत चिऊच्या दाराशी येऊन टकटक करतो आणि चिऊ आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे. पुन्हा टकटक. थांब, अंग पुसू दे. मग पावडर, काजळ, तीट, अंगडं, टोपडं. पुढचं तुम्हाला पाठ आहे. आमच्या लेकीलाही पाठ आहे, म्हणूनच तर ती रोज ऐकायची असते. परवा झोपेच्या तारेत मी पावडर गाळून एकदम काजळावर गेलो, तर तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि "पावडल लायली" असं बजावून गोष्ट मागं नेली.

लहानपणी मी ठामपणे कावळ्याच्या बाजूचा होतो. बिचारा भिजतोय, ही आत बसून पावडरी लावतेय. त्या प्रत्येक 'थांब'मागे मला बहाणा ऐकू यायचा. कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत तर मी चिमणीला सुखवस्तू समाजाचं प्रतीक वगैरे म्हणालो होतो आणि त्याबद्दल उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. ते आता परत करावंसं वाटतं.

कारण चिऊताई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तेवढा वेळ लागत होता.

मी एकदा घड्याळ लावून बघितलं. शुक्रवार होता, बायकोच्या बँकेत तिमाहीचं काहीतरी चालू असल्यामुळे ती साडेआठच्या आत येणार नव्हती. पाळणाघरातून लेकीला घेऊन घरी पोचलो, हातपाय धुतले, 6 वाजून 42 मिनिटांनी बादलीत पाणी सोडलं. पाणी तिनं बोट बुडवून तपासलं. "गम्म." मी थंड ओतलं. "गाऽऽर." मी गरम ओतलं. हे तीनदा. मग आधी मगाला आंघोळ, कारण मग मळलेला होता. मग भातुकलीतल्या स्टीलच्या पातेल्याला. मग पातेल्याच्या झाकणाला, जे मोरीच्या जाळीपाशी जाऊन बसलं होतं आणि ज्याच्यासाठी मला गुडघ्यावर यावं लागलं. ती स्वतः कोरडी ठणठणीत आणि मी कमरेपर्यंत ओला, अशा अवस्थेत सात वाजले. पुढचं सांगत बसत नाही. साबण डोळ्यात गेला, पाणी संपलं, पाणी संपल्याचं दुःख झालं.

अंग पुसण्याचं मात्र सांगायला हवं. पंचा बघितला की ती पळते. ओल्या पायांनी, नागडी, न्हाणीघरातून स्वयंपाकघर, तिथून हॉल, तिथून गॅलरीच्या दारापर्यंत, आणि मागून मी, एका हातात पंचा आणि पायाखाली पायपुसणं सरकवत, कारण आमच्या फरश्या गुळगुळीत आहेत आणि एकदा कपाळाला टेंगूळ येऊन झालेलं आहे. ती टीव्हीच्या टेबलाखाली शिरते. तिथून बाहेर यायची किंमत म्हणजे पावडर, तीही तिच्या तळहातावर. त्यातली थोडी तिच्या पोटाला लागते, बाकीची बाहुलीला, रिमोटला आणि माझ्या चष्म्याला. बाही चढवताना तिचा हात अचानक लाकडी होतो. डोकं गळ्यातून बाहेर आलं की ती "भॉक" करते, आणि मी दचकलो नाही तर सदरा परत काढायला लावते.

8 वाजून 5 मिनिटं. म्हणजे एक तास तेवीस मिनिटं झाली, आणि अजून तीट नव्हती, जेवण नव्हतं, झोप तर लांबच. माझ्याकडे गीझर होता आणि दोन हात होते. चिऊताईकडे एक चोच. त्यात दारावर कुणीतरी टकटक करतंय.

बाय द वे, चिमणा कुठे होता? इतक्या वेळा ही गोष्ट सांगून झाल्यावर मला हा प्रश्न पडला. गोष्टीत बापाचा पत्ता नाही. खऱ्या चिमण्यांत असं नसतं. घरटं बांधायला नर असतो, पिल्लांना भरवायलाही दोघं असतात. छातीवर काळा डाग दिसला की तो नर समजायचा. आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर एक जोडी येते, त्यातला काळ्या डागवाला चोचीत अळ्या घेऊन शेजारच्यांच्या एसीच्या मागे दिवसभर ये-जा करत होता. आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं उडून गेलीसुद्धा. दोन आठवडे! आमचं तेव्हा बारसंही झालं नव्हतं.

माणसांतल्या चिमण्याचं म्हणाल तर, बायकोला 26 आठवड्यांची रजा मिळाली, 2017 साली कायदा बदलला त्यामुळे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. माझ्यासारख्या खासगीतल्या बापासाठी कायद्यात ओळही नाही. साठवलेल्या रजेतले आठ दिवस घेतले आणि नवव्या दिवशी ठाण्याच्या दहा नंबरवर ऐरोलीला जाणारी गाडी पकडली. त्या दिवशी गाडी खाडीवर आली तेव्हा मला चक्क मोकळं वाटलं होतं. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल.

आम्ही राहतो नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. वीस वर्षांच्या हप्त्यांचं मेणाचं घर. मासुंदा तलाव इथून मोठ्या माणसाला दहा मिनिटं. रविवारी आम्ही निघतो, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं गल्लीच्या तोंडाशीच जातात, कारण तिथली जुनी इमारत पाडलीय आणि प्लॉटला निळे पत्रे लावलेत. अख्ख्या नौपाड्यात सध्या हे निळे पत्रे आहेत, दर दोन इमारतींआड एक. आमच्या पत्र्यांना तिच्या डोळ्याच्या उंचीवर एक फट आहे. मोठ्यांना ती दिसतच नाही, मलाही तिनंच दाखवली. फटीतून आत जेशीबी दिसतो. चालू असेल तर ती श्वास रोखून बघते, बंद असेल तर "जेशीबी गाई कलतो" असं कुजबुजते आणि मलाही आवाज करू देत नाही. एकदा मीही तिथे उकिडवा बसून डोळा लावला. आतमध्ये अर्धी पाडलेली एक भिंत होती, तिच्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या टाइल्स आणि टाइल्सच्या मधोमध कॅलेंडरचा खिळा. जेशीबीवर एक कावळा बसला होता. "काऊचं घल?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

1853 साली 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी आमच्याच ठाण्याला आली. 34 किलोमीटर, 14 डबे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. आमच्या बाईंना घरापासून तलावापर्यंत ओढत न्यायलाही तिघं लागतात: आई, बाबा आणि राम मारुती रोडचा फुगेवाला. तलावपाळीला पोचलो की तिला तलाव नको असतो. कोपिनेश्वराच्या बाहेर बसलेली एक कुत्री हवी असते, आणि ती तिथे नसली तर गडकरी रंगायतनापर्यंत रडणं. मी कधीकाळी या नाट्यगृहात रांग लावून नाटकं बघायचो. आता त्याच्या भिंतीचा उपयोग आडोशाला एवढाच.

तिचं बोलणं ऐकण्यासारखं झालंय. संध्याकाळ माझ्यासोबत जाते म्हणून असेल, पण ती क्रियापदं बापाची वापरते. "मी आलो." "मी जेवलो." "मी पल्लो." बायको सुधारते, "आले म्हण गं, आले." त्यावर ती तितक्याच समजुतीनं सांगते, "आई आले. मी आलो." आणि तिला उचलून घ्यायचं असेल तर हात वर करून "तुला घे" म्हणते. यात चूक काय आहे? जन्मल्यापासून जो तो तिला 'तू' म्हणतोय, म्हणजे तिचं नाव 'तू'च असणार. हे व्याकरण जितकं बरोबर आहे तितकं माझं नाही. पण जाईल हे. 'बाऊ' गेलाच गेल्या महिन्यात, आता "लागलं" म्हणते, अगदी बाईसारखं. कुठल्या दिवशी गेला ते आमच्या लक्षातही आलं नाही. 'भुर्र' अजून आहे.

सल्ल्यांबद्दल थोडंसं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दोन वर्षांच्या आत पडदा दाखवू नये, त्यानंतर दिवसाला एका तासाच्या वर नको. मान्य. फक्त संघटनेच्या कुणीतरी एकदा येऊन आमच्या बाईंची नखं कापून दाखवावीत.

तर दारावरची टकटक. मूल झाल्यावर दार बंद होतं आणि बाहेर रांग लागते. ऑफिसातला माणूस सातच्या ठोक्याला 'दोन मिनिटं बोलू' म्हणतो. कॉलेजच्या ग्रुपवर येऊरला जायचं ठरतं, तारीख ठरते, मी अंगठा दाखवतो, जात नाही. आता ते मला विचारतही नाहीत, फोटो टाकतात. सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग तर मी चार वेळा चुकवली आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. सगळ्यांना आतून एकच उत्तर: थांब, हिला अमुक करू दे. लोक थांबतात किंवा जातात. आपल्याला वाटतं, सगळ्यांना समजतं.

माझा दादा खाडीपलीकडे विटाव्याला राहतो. आमचं जुनंच घर, तळमजल्यावरचं, दोन खोल्या. आठ वर्षांनी मोठा आहे माझ्यापेक्षा. वायरिंगची कामं करतो. लग्न केलं नाही. का, ते आमच्यात कधी बोललं गेलं नाही. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो, त्याचं आयटीआय नुकतंच संपलं होतं, माझी फी त्यानंतर त्यानंच भरली. 26 जुलै 2005 ला, म्हणजे सांताक्रूझला दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. आई आणि मी पोटमाळ्यावर. दादा खाली पाण्यात उभा, एका हातानं तरंगणारा सिलिंडर धरून, आणि दुसऱ्या हातानं एकेक वस्तू वर देत होता. माझं दप्तर त्यानं आईच्या ट्रंकेच्या आधी वर दिलं. मी वरून त्याला म्हणत होतो, दादा, तू पण ये ना. आणि तो म्हणत होता, थांब रे.

लेकीला दादा फार आवडतो, मुख्यतः त्याच्या खिशातल्या टेस्टरमुळे. तो प्लगमध्ये घालून टेस्टरमधला लाल दिवा दाखवतो आणि मग "हे फक्त काकाचं" म्हणून खिशात ठेवतो. ती मान हलवते. इतरांचं एक ऐकत नाही.

या जुलैत एका संध्याकाळी सात-सव्वासातला, ऐन आंघोळीत, हॉलमध्ये फोन वाजला. ती डोक्याला फेस लावून बसली होती, म्हणून तसाच ओल्या हातानं धावत जाऊन घेतला. बाहेर धो धो. दादा होता. मी म्हणालो, "दादा, थांब जरा, हिला आंघोळ घालतोय. मागून करतो." तो म्हणाला, "हो, हो, घाल, घाल. पाणी नीट गरम आहे ना?" मी आहे म्हणालो आणि ठेवला.

मग पुसणं, मग पावडर. मग वरणभात, त्यातला अर्धा खुर्चीला. मग चिऊ-काऊ दोन वेळा. मग तिला थोपटता थोपटता मी झोपलो. लहान मूल असलेल्या माणसाला हे सांगायला नको, थोपटणारा आधी झोपतो. रात्री अडीचला जाग आली, तेव्हा फोनवर 8 वाजून 20 मिनिटांचा एक मिस्ड कॉल होता. त्यानंतर काही नाही. पाऊस चालूच होता.

सकाळी मी फोन केला. "काही नाही रे," दादा म्हणाला, "पाणी आलं होतं थोडं. घोट्याएवढं." विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरणं ही दर पावसाळ्याची बातमी, त्यामुळे मीही "बरं, काळजी घे" म्हणालो. शनिवारी गेलो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ होती. मी उभं राहून मापली, माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. आईची ट्रंक ओट्यावर उघडी ठेवली होती आणि आतल्या दोन गोधड्या खुर्चीवर वाळत घातल्या होत्या, अजून दमटच. दादा स्विचबोर्ड उघडून बसला होता. चहा घेऊन आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्या दिवशी ट्रंक घेऊन तुमच्याकडेच यायला निघाले होते ते. रिक्षावाला तयारसुद्धा झाला होता. मग म्हणाले, नको, बाळाची झोपायची वेळ आहे." रात्र त्यानं त्यांच्याकडे काढली होती.

मी दादाकडे बघितलं. तो बोर्डातली धूळ फुंकत होता. "काकू, साखर जास्त झाली," तो म्हणाला.

परत येताना कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये बसलो असताना मला कारण नसताना वक्तृत्व स्पर्धा आठवली. चिमणी खोटं बोलत नव्हती हे खरंच आहे. पण बाहेर पाऊस होता, हेही त्याच गोष्टीत आहे, आणि ते मी रोज रात्री माझ्याच तोंडानं सांगत होतो. कोकिळा अंडी घालते ती कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळा ती पिल्लं आपली म्हणून वाढवतो, हे आम्हाला शाळेत असताना दादानंच सांगितलं होतं. तेव्हा मी खूप हसलो होतो कावळ्याला.

त्यानंतर मी काय केलं? फार काही नाही. आंघोळीची वेळ बदलायचा प्रयत्न केला, तो दोन दिवसांत फसला. ट्रंक घरी आणली. ती आता हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी असते आणि लेक तिच्यावर चढून गॅलरीतल्या चिमण्यांशी बोलते. दादाला दर रविवारी जेवायला ये म्हणतो. तो "बघतो" म्हणतो.

परवाच्या रविवारी तो न सांगता आला. संध्याकाळ होती, पाऊस होताच. बेल वाजली तेव्हा ती हॉलमध्ये बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती, समोर पावडरचा डबा. बेलवर सध्या तिचा हक्क आहे. कडी वर असल्यामुळे उघडता येत नाही, पण "कोण आए?" तीच विचारते. या वेळी तिनं मानही वर केली नाही.

"थांब," ती ओरडली, "बालाला पावडल लावतो!"

मी उठलो. तिनं एका हातानं माझा पायजमा धरला. "बाबा, थांब."

बाहेर क्षणभर शांत होतं. मग बेल नाही, दारावर बोटाच्या पेरानं टकटक झाली, आणि दादाचा आवाज आला, "चिऊताई, चिऊताई, दार उघड."

तिचे डोळे असे मोठे झाले. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, खरा कावळा दाराशी. तिनं घाईघाईनं बाहुलीच्या पोटावर अजून थोडी पावडर थापली. "थांब, तीट लावतो!"

टकटक. "चिऊताई, चिऊताई, दार उघड."

"थांब, तोपलं!"

टोपडं सापडेना. ती चटईखाली बघायला लागली, ट्रंकेमागे बघायला लागली. दाराच्या फटीखालून छत्रीचं पाणी आत यायला लागलं होतं, बारीक ओघळ, थेट तिच्या पावडरीकडे. टोपडं माझ्याच खिशात होतं, सकाळपासून. ते तिच्या हातात दिलं आणि कडी काढली.

दादा पायपुसण्यावर उभा होता, बाह्या भिजलेल्या, हातात केळ्यांची पिशवी. चपला काढता काढता तो वाकला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला,

"झालं का गं बाळाचं?"